शेपूट किती तासायचं

लाटेवरच्या फळीचं नाक रुंद का असतं, हे मला माझ्या बायकोने भाकरी थापता थापता समजावलं. आमच्या वाडीत सर्फबोर्डला कोणी सर्फबोर्ड म्हणत नाही. फळी म्हणतात. माणसाच्या दीडपट लांबीचा लाँगबोर्ड असला तरी ती फळीच.

"परात पाण्यार ठेवलात तर काय होता?" तिने विचारलं.

"तरंगता."

"आनी उलाथना ठेवलात तर?"

"बुडता."

"मगे? नाक रुंद, म्हणान मी चलत पुढे गेलंय तरी फळी माझ्यासकट डुबकी मारणा नाय. शेपटी बारीक, म्हणान ती पाण्यात घुसता आनी वळता. इतक्या सोप्या आसा. तुमी आयुष्यभर काय कागद काळे केलात?"

मी आयुष्यभर मुंबईच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. गोलाई, उतार, जाडी हीच माझी भाकरी. त्या दिवशी मी हातात उलथनं धरून मान हलवत उभा होतो.

नोकरी सोडून आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर गावी परतलो आणि घराच्या चार खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो. त्यातल्याच एका पाहुण्याने जाताना ही लांब फळी आमच्या पडवीत टाकली. परतीच्या बसवाल्याने ती टपावर घ्यायला नकार दिला होता. मी तिच्यावर सुके बांगडे वाळवायचा बेत केला. बायकोने ती धुतली, माझा जुना फुल शर्ट आणि सलवार चढवली आणि फळी डोक्यावर घेऊन समुद्रावर गेली. तेव्हा तिची चाळिशी उलटून बरेच दिवस झाले होते. वाडीत दुपारपर्यंत बातमी पसरली की वयनी दर्यावर इस्त्री करायला गेली.

मी बरोबर जायचो तो टॉवेल धरायला. आमचं घराणं दर्यावर्दी. आजोबा गलबतावर होते, काका बोटीवर. त्या घराण्यात होडीत पाय ठेवताच मळमळणारा पहिला पुरुष मी. त्यामुळे माझी हद्द कमरेएवढ्या पाण्यापर्यंत.

पण काठावर उभं राहून मला पुष्कळ कळायला लागलं. शिकाऊ माणूस लाटेबरोबर सरळ काठाकडे येतो. लाट फुटलेली असते, फेस मागून ढकलतो, माणूस वाळूवर येऊन आपटतो. त्यात मजा असते, नाही असं नाही. पण खरी लाट अजून फुटायची असते तेव्हा ती हिरव्या काचेसारखी उभी राहते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फुटत जाते. त्या फुटण्याच्या जरासं पुढे राहून आडवं जायचं, ही खरी गंमत. त्यासाठी फळी वळवावी लागते. आणि लांब फळी ही घाटातल्या एसटीसारखी असते. हिसका देऊन वळत नाही. उभ्या उभ्या पावलं टाकत मागे, शेपटीपर्यंत जायचं, मागच्या पायाने शेपटी दाबायची. मग नाक उचललं जातं, पाण्याला टेकलेला भाग आखूड होतो आणि फळी आपल्या खालच्या परावर, शेपटीखाली बसवलेल्या माशाच्या परासारख्या पात्यावर, फिरते. फिरली की पुन्हा चालत पुढे यायचं आणि लाटेवर सरकत राहायचं. पुढे वेग, मागे वळण. बाकी सगळी ये-जा.

तिला ही ये-जा जमायला तीन हंगाम लागले. सरळ येणं ती पहिल्या महिन्यात शिकली होती. मागे जाणंही जमलं. शेपटी दाबली की नाक उचलायचं, फळी फिरायला लागायची, आणि तेवढ्यात ही पडायची. "जरासाच ऱ्हवला," ती पाण्यातून वर येऊन म्हणायची. प्रत्येक वेळी जरासंच राहायचं. त्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी दर्या बंद झाला तेव्हा ती म्हणाली, "आता नारळी पुनव होवंदे. पुढच्या हंगामात वळलंयच म्हणान समजा."

पुढच्या हंगामात फळी वळेनाशी झाली.

म्हणजे अगदीच. आधी नाक तरी उचलायचं, आता तेही नाही. तिला वाटलं फळी पाणी प्यायली. मी फळी उन्हात वाळवली. मग वाटलं पराचा दोष आहे. मी तो काढून लहान बसवला, मग पुन्हा मोठा, मग तिरका झालाय का म्हणून गुण्या लावून तपासला. पडवीत बसून मी फळीच्या बाकाचं चित्रसुद्धा काढलं. पुढून आणि मागून फळी वर वळलेली असते, केळ्यासारखी. बाक जास्त तर वळायला सोपी, बाक कमी तर वेगवान. आमची सपाट होती. मी चित्राखाली तसा शेरा मारला आणि स्वतःवर खूश झालो.

मग एके दिवशी ती तुळशीला पाणी घालून परत येत होती. उजव्या पायातली चप्पल अंगणातच राहिली आणि ती तशीच ओटीवर चढली. तिला कळलंच नाही. मी म्हटलं, "चप्पल खंय गो?" तिने खाली पाहिलं. मग चपलेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अवो," ती म्हणाली, "फळी बरी आसा."

डॉक्टरांकडे जायच्या आधी आम्हाला एवढं कळलं होतं. उजवा, मागचा पाय. तोच शेपटीकडे न्यायचा, तोच दाबायचा.

गोव्याला नेलं, तपासण्या झाल्या. नसांचा आजार. डॉक्टर भले होते, खाली बघून बोलले. आधी एक पाय, मग दुसरा, मग हात, मग गिळणं, बोलणं. किती वेगाने ते सांगता येत नाही. औषध आहे, पण ते थांबवत नाही. मी काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "डॉक्टर, या वर्षी समुद्रात जाऊ ना?" ऑफिसातलं, दवाखान्यातलं तिचं मराठी फार शुद्ध असे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "एकदाच वळायचं राहिलंय हो."

परत येताना गाडीत ती एवढंच बोलली. "सरळ माका येता. माका एकदा आडवा जाव्क व्हया. मगे काय ता होवंदे."

तर एवढंच हवं होतं तिला. आणि मला हवं होतं की तिने पडू नये. दोन्ही गोष्टी एका फळीत बसत नाहीत, हे त्या दिवसांत मी शिकलो.

पहिली फळी मी बनवली ती माझ्या मनासारखी. आमच्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करतात, तेच सामान वापरलं: आत फोमचा ठोकळा, वर कापड आणि राळ. रुंद केली. जाड केली. कडा गोल गरगरीत ठेवल्या, म्हणजे पाण्यात रुतायला नकोत. सपाट केली. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मालवणी कसला. मला वाटलं, होडीला खाली कणा असतो म्हणून होडी डुलत नाही. मग फळीला का नको? नाकापासून शेपटीपर्यंत खालून एक लाकडी पट्टी बसवली. समुद्रात न गेलेल्या दर्यावर्द्याचीच ही बुद्धी.

मी मागून ढकललं. ती गुडघ्यांवर उठली, मग उभीही राहिली. फळी तसूभर हलली नाही. ती डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, हात फिरवले, शिव्या दिल्या. फळी रुळावरून आल्यासारखी नाकासमोर आली आणि काठावर ओढून ठेवलेल्या माझ्या चुलत भावाच्या होडीवर धडकली.

हा चुलत भाऊ वयाने माझ्याहून धाकटा, आवाजाने थोरला. रापणीत, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, त्याचा वाटा आहे आणि वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याकडे. नवी मोटरसायकल असो की बोअरवेल, देवाला काय ते तोच सांगतो. होडीला आलेला पोचा चाचपत तो म्हणाला, "वयनी, ब्रेक खंय आसा?"

ती फळीवरच मांडी घालून बसली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी फळी केलात की चौरंग? माका सत्यनारायणाक बसयलात?"

"पडलंस नाय ना पण," मी म्हटलं.

"शिरा पडली त्या नपडण्यार!"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर अंगणात तो चौरंग, म्हणजे माझी फळी, मांडून ती त्याच्यावर उभी होती, एका हाताने खांब धरून. दुसऱ्या हातात चुलीतला कोळसा.

"हय येवा. बघा माजो पाय खंयसर पोचता."

तिने मागचा पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला जात नव्हता. ती तो ओढत होती, कंबरेतून. ओढत ओढत तो शेपटीच्या बऱ्याच अलीकडे थांबला. तिथे तिने वाकून कोळशाची रेघ मारली.

"माजो पाय शेपटीकडे जाणा नाय," ती म्हणाली. "मगे शेपटी माज्या पायाकडे हाडा."

मी वाकून त्या रेघेवर बोट ठेवलं. आयुष्यभरात इतकं सरळ ड्रॉईंग माझ्या टेबलावर आलं नव्हतं. खालची पट्टी उखडायची. रेघेच्या मागची फळी कापून टाकायची. तिथूनच तळ वर उचलायचा, तिथेच फळी बारीक करायची. कडा मागच्या बाजूला पातळ, म्हणजे झुकलं की पाण्यात धरतील. पर लहान, आणि थेट तिच्या मागच्या पायाखाली. पुढचा भाग राहू द्यायचा तसाच रुंद. लाँगबोर्ड म्हणून घडवलेली, पण मागून आखडलेली फळी.

"पण मगे ती हलतली गो. उभी ऱ्हवचंस नाय."

"हलंदे."

"मागे फुगीर काय ऱ्हवला नाय तर लाट धरूक जमाचा नाय. तू हातान वल्हवन शकणस नाय आता."

"तुमी आसात ना ढकलूक? नायतरी काय करतात थंय पाण्यात उभे ऱ्हवान? खुबे येचतात?"

मग रोज तासायचो आणि रोज भांडायचो. मी रंधा फिरवून थांबलो की ती अंगठ्याने जाडी चाचपायची. "अजून." मी कागदभर तासायचो. "अजून." मी म्हणायचो, झालं. ती म्हणायची, "तुमी भिवन तासतात. भियालेल्या माणसाच्या हातात हत्यार देव नये." मी मुद्दाम जरा जाड ठेवायचो, आणि ती डोळे मिटून बोट फिरवूनही ते ओळखायची. शेवटी शेपटी एवढी बारीक झाली की फळी अंगणात उभी केली तर एका टोकाला सुकलेल्या भोपळ्यासारखी बेढब दिसे. दरम्यान उजव्या पायाची रेघ एकदा आणखी पुढे सरकली. आम्ही दोघांनीही ती पाहिली. मी कापलं. 

फळी समुद्रात घालायची ती सकाळ शांत होती. हलकं मतलई वारं सुटलं होतं, लाटा लहान पण नीट एकामागे एक उठत होत्या. पुण्याहून आमच्या मुलीने सकाळीच फोन करून बजावलं होतं की व्हिडिओ काढा. ते काम चुलत भावाकडे. शेजारची काकी आली, रापणीतली चारपाच माणसं आली. भावाने पाण्याच्या कडेला वाळूत केळीच्या पानावर नारळ मांडला आणि घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ही तुजी लेक नवी फळी घेवन तुज्या पायाकडे इलेली आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पायात आता बळ नाय, ता तुका ठावक आसा. तर तिका सांभाळ. तिका पडाक देव नको. जशी गेली तशी सरळ काठार हाडून सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," ती म्हणाली.

माझ्या जन्मात गाऱ्हाण्याला कोणी नाय म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. देवाने तरी ऐकलं असेल की नाही कोण जाणे. भाऊ जोडलेले हात सोडून तिच्याकडे वळला.

"वयनी, गाऱ्हाण्याक नाय म्हणूचा नसता गो!"

"मगे बरोबर मागा. सरळ काठार येव्क माका देव कित्याक व्हयो? मेललो मासो पण सरळ काठार येता."

"मगे काय मागू?"

तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून दोन्ही हात जोडले. त्यामुळे ती डुलत होती. मी कंबरेला धरलं. बायका आमच्याकडे गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने घातलं, आवाज न चढवता, शेजारणीशी बोलावं तसं.

"बा देवा म्हाराजा. पडलंय तर पडलंय. पण पडाच्या आदी एकदा फळी वळांदे."

व्हय आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. व्हय म्हटलं की मागणं पक्कं होतं, आणि त्या मागण्यात ती पडणार होती. मी तिच्या कमरेला धरून उभा, मला माझ्या पंज्याखाली तिच्या फासळ्या लागत होत्या. मी व्हय म्हाराजा म्हटलं. ते इतकं हळू निघालं की काकीने विचारलं, "काय म्हटल्यान?" मग मोठ्याने म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं.

पाणी माझ्या छातीला लागलं. माझ्या हद्दीच्या कधीच पलीकडे गेलो होतो. ती फळीवर पालथी, मी शेपटी धरून. दोन लाटा तिने सोडल्या. "ही," म्हणाली. मी जिवाच्या आकांताने ढकललं. तिच्या पाठीमागून लाट उचलली गेली, ती लाटेच्या माथ्यापलीकडे उतरली, तिचे हात फळीवर टेकलेले दिसले, डोकं वर येताना दिसलं. आणि माझ्या मागून आलेली पुढची लाट माझ्या टाळक्यात बसली.

मी पाण्याखाली होतो. नाकातोंडात वाळू. वर कुठलं, खाली कुठलं कळत नव्हतं. दर्यावर्द्यांचा वंशज उलटा होऊन पाय झाडत होता. वर आलो, खोकलो, डोळे चोळले, तेव्हा काठावर सगळे नाचत होते. फळी एकटीच तरंगत होती, आणि बायको बरीच बाजूला, जिथे सरळ गेली असती तर पोचलीच नसती अशा ठिकाणी, उथळ पाण्यात बसून हसत होती. मी धडपडत तिच्यापर्यंत गेलो.

"बघलात?"

तिच्या केसांत शेवाळ अडकलं होतं. खोटं बोलायला एवढी सोपी जागा देवाने मला पुन्हा दिली नाही. पण मला जमलं नाही.

"नाय गो. मी बुडालेलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की तिला उचकी लागली. "चांगलो घोव मेळलो माका," ती म्हणाली. मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, आणि आम्ही दोघं त्या गुडघाभर पाण्यात तसेच बसून राहिलो.

त्याच सकाळी आम्ही पुन्हा दोनदा प्रयत्न केला. ती उभी राहू शकली नाही. त्यानंतर ती समुद्रात गेली नाही.

व्हिडिओत भावाची पायाची बोटं दिसतात, पाण्याचा आवाज येतो आणि त्याचंच ओरडणं, "वळली! वळली रे मेल्यांनो!" मधेच एक खेकडा आडवा जातो. मुलगी फोनवर रडली की हसली, कळलं नाही.

मग मी तिलाच विचारायचो. कसं वळलीस? दुपारी तिचे पाय तेलाने चोळताना विचारायचो. ती सांगायची, पाय खाली दाबला नाही, दाबायला ताकदच नव्हती. नुसता भार सोडला, आणि फळी आपोआप खाली बसली आणि फिरली. "त्याच्याआदी कसा होता?" ती म्हणायची. "गाव नेहमी समोरसून अंगार येय. त्या दिवशी तो बाजून गेलो. माडार माड. तुमच्या भावाची होडी. देवळाचो कळस. सगळा एका बाजून गेला, एसटीतसून दिसता तसा." पुढे सांगताना थकायची, मग कळस गळायचा. मग होडी. हिवाळा सरता सरता माड तेवढे राहिले. शेवटी शेवटी शब्द फुटत नव्हते तेव्हा मीच सांगायचो, आणि माझं चुकलं की ती डोळ्यांनी नाय म्हणायची. न पाहिलेली गोष्ट मी तिला सांगत होतो आणि ती दुरुस्त करत होती.

ती गेली तेव्हा उन्हाळा होता. सुतकाच्या दिवसांत माणसं भेटायला यायची. ओटीवर भाऊ आणि काकी भांडले. भाऊ म्हणे डावीकडे वळली, काकी म्हणे उजवीकडे. "मी माज्या डोळ्यांनी बघलंय!" "माजे काय बटाटे आसत?" भाऊ काठावरून दिसलं तसं सांगत होता, आणि काकी फळीवर तिच्या जागी स्वतःला घालून सांगत होती. दोघंही बरोबर होते. मी ते सोडवून दिलं नाही. जितका वेळ ते भांडत होते तितका वेळ ती फळीवर उभी होती.

मुलगी यंदा हंगामात महिनाभर येऊन राहिली. पुण्यात राहून पोहायला शिकलीय. एका सकाळी ती आईची फळी घेऊन समुद्रावर गेली, मी टॉवेल घेऊन मागे. ती ताठ, निरोगी, पायात भरपूर ताकद. पहिल्याच लाटेला उभी राहिली, नेहमीच्या ढांगेने मागचा पाय टाकला आणि फळीच्या मागे पाण्यातच पडली. पुन्हा तेच. तिने पाय जवळ ठेवून पाहिले, तर तिच्या वजनाला फळी मागून बुडाली. किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारा एक तरुण आहे, त्यालाही ती जमेना. "काका, हिचं माप चुकलंय," तो म्हणाला.

मुलीने फळी वाळूवर ठेवली आणि तिच्यावर उभी राहिली. मागचा पाय तिने सावकाश मागे नेला. तो शेपटी ओलांडून मागच्या वाळूत टेकला. तिने तो उचलून शेपटीच्या टोकावर ठेवला आणि दोन पावलांमधल्या जागेकडे बघितलं.

"बाबा, आईचा पाय एवढाच जात होता?"

"त्या महिन्यात, तेवढाच," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली, आखडून, आईच्या मापात. मी टॉवेल पुढे केला. तिने घेतला नाही.